उचलून दाखव

पंचायतीच्या अंगणात टेबल मांडलेलं. टेबलाशेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेली पितळी घागर. तिच्यासमोर माझी थोरली बहीण, अक्का. खुर्चीवर रेलून बसलेला पाटील म्हणाला, "उचलून दाखव."

सगळं गाव बघत होतं. मीही.

अक्काचा नवरा जाऊन कैक वर्षं झाली होती. सरकारच्या विधवा पगारावर ती एकटी जगायची. कर्नाटकातल्या आमच्या संतपूरकडच्या भागात सरकारी मदतीला पगारच म्हणतात. त्या वर्षी स्वावलंबन करार आला. ज्याच्या अंगात ताकद आहे, त्यानं लिहून द्यायचं: मी सहा महिन्यांत माझ्या पायावर उभा राहीन, मग मदत मागणार नाही. तालुक्याहून आलेले साहेब कन्नडमधून समजावून सांगायचे आणि मी ते मराठीत सांगायचो. पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी करून मी निवृत्त झालो होतो. कन्नड लिहिता-वाचता येत होतं. म्हणून मला पाटलाशेजारी खुर्ची दिलेली. आमच्या बौद्ध वस्तीतला माणूस त्या अंगणात खुर्चीवर. मला त्या खुर्चीचा अभिमान वाटत होता. हेही लिहिलं पाहिजे.

ताकद कुणात आहे हे ठरवायचं कसं? डॉक्टरच्या दाखल्याला वेळ लागतो. घागरीची युक्ती पाटलाची. भरली घागर उचलणारी बाई धडधाकट. साहेब हसले. नको म्हणाले नाहीत.

अक्काची गर्भपिशवी खाली उतरली होती. मीच तिला बीदरच्या दवाखान्यात नेलं होतं. वजन अजिबात उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं. गावात हे तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. असलं दुखणं बाई भरल्या अंगणात कशी सांगणार? तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं.

"काय अप्पा," पाटील मला म्हणाला, "तुझी अक्का लई नाजूक झाली की. आमच्या रानात तुरीचे भारे तर एकटीच न्यायची!"

लोक हसले. आमच्या वस्तीतलेही हसले.

मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एवढ्या पुरुषांत बहिणीचं ते दुखणं बोलायची मला लाज वाटली. आणि खुर्ची होती. मी म्हणालो, "उचल की अक्का. समदे बघायलेत."

तिनं पदर खोचला. घागर उचलली. कमरेवर घेतली. ताठ उभी राहिली.

ती उचलणार, हे मला ठाऊक होतं. पोरवयात ती गावच्या विहिरीवर उन्हात ताटकळायची. आम्हाला विहिरीला शिवायची बंदी; वरच्या घरांतलं कुणीतरी वरून पाणी वाढील म्हणून. त्याच घरांतल्या लोकांसमोर घागर उचलता येत नाही असं ती कधीच दाखवणार नव्हती. हे माहीत असूनच मी बोललो.

टाळ्या पडल्या. साहेबांनी कागद पुढं केला. तिनं अंगठा दिला. मग ती घागर पाटलाच्या गड्याकडं परत द्यायला गेली, तसा पाटील म्हणाला, "राहू दे, बाई. आता ती तुमच्यातच राहू दे."

घागर पाटलाच्या घरची होती; आमचा हात लागल्यावर ती त्याच्या घरात चालणार नव्हती. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, काय म्हणाले म्हणून. मी कन्नडमधून सांगितलं, पाटलांनी बक्षीस दिलं.

घरी जाईपर्यंत अक्काचं लुगडं रक्तानं भिजलं होतं. नंतर ती बरेच दिवस अंथरुणावरच होती. मुदत संपली आणि पगार बंद झाला. मी ज्वारी नेऊन टाकायचो. ती ठेवून घ्यायची. बोलायची नाही. मला काही वाटायचं नाही. जेवत होतो, झोपत होतो, माझी पेन्शन काढत होतो. आत काही हलत नव्हतं.

एका दुपारी तिनंच विचारलं, "तुझा पगार चालू हाय न्हवं?"

"व्हय."

"तुला कुणी काय उचलायला लावलं का?"

"माझी नोकरी होती, अक्का."

"आन् मी काय करायलते? रानात खेळायलते व्हय?"

माझं ते कमाईचं आणि तिचं ते भिकेचं, असंच मी धरून चाललो होतो. पाटीलही तसंच धरून होता. आमच्या दोघांच्या खुर्च्या शेजारी का होत्या, ते मला त्या दुपारी कळलं.

यंदा पुन्हा साहेब येणार म्हणून पाटलाचं बोलावणं आलं. अक्का तूर निवडत बसली होती. मी विचारलं, "तुझं दुखणं चारचौघांत सांगू का?"

तिनं मान वर केली नाही. "सांग जा. लाज माझी हाय, तुझी न्हाई."

अंगणात या वेळी ज्वारीचं अर्धं पोतं ठेवलेलं. समोर आमची शेजारीण शेषाबाई. तिला दमा आहे. मी खुर्चीवर बसलो नाही.

"कराराचा कागद वाच की अप्पा," पाटील म्हणाला. "कामून थांबलास?"

"मी वाचत न्हाई."

मग मी सांगितलं. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. गर्भपिशवी हा शब्द गिळला नाही. मला माहीत होतं आणि तरी मीच तिला उचलायला लावलं, हेही सांगितलं. पुरुषांनी माना खाली घातल्या.

पाटील म्हणाला, "बहिणीची अब्रू चव्हाट्यावर मांडायलास. लाज वाटंना तुला?"

"वाटायली. म्हणूनच बोलायलोय."

साहेब म्हणाले, लेखी द्यावं लागेल. त्या दिवशी दुभाषी तुम्हीच होता, तुमच्यावरही येईल.

"येऊ द्या," मी म्हणालो.

शेषाबाई पोत्याला न शिवता घरी गेली.

अक्काचा पगार अजून सुरू झालेला नाही. तिचं दुखणं आहे तसंच आहे. ती मला माफ करील असं वाटत नाही, आणि मी ते मागितलेलंही नाही. लेखी जबाब मी दिला आहे. तालुक्याला बोलावतील तितक्यांदा जाणार आहे. माझ्यावर जे येईल ते घेणार आहे.

आणि आमच्या वस्तीचं म्हणून साहेबांना आणि पाटलाला सांगतो. आमची ताकद बघायची असेल, तर शिवारात जा. बांधांची माती कुणी वाहिली ते विचारा. इथून पुढं आमचं कुणी अंगणात उभं राहून काही उचलून दाखवणार नाही. करार दोघांत होतो. तुमच्या बाजूनं काय करायचं लिहिलंय, ते आधी वाचा. मोठ्यानं. उभं राहून.