तक्रार नाही

माझ्या घरात, माझ्या विभागात, सावद्याला आईकडे – ही गोष्ट कुणाच्याच कानावर गेलेली नाही. एकदा नवऱ्याला सांगायला तोंड उघडलं होतं. मग मी चहात साखर कमी आहे, एवढंच म्हणाले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा – खरं कारण मलाही ठाऊक नाही.

मी डॉक्टर आहे. धुळ्याला एका रुग्णालयात शिकवते आणि क्षयरोगाचे पेशंट बघते. आधी थोडं माझ्या कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नाही, तेही अर्धंच खरं. आधी काम सांगते कारण त्याचा अजूनही अभिमान वाटतो, आणि चांगलं आधी सांगून टाकायची मला खोडच आहे.

साध्या औषधांना दाद न देणारा एक क्षय असतो. त्याचा कोर्स लांबलचक आणि गोळ्या कडक. त्यातली एक गोळी क्वचित डोळ्यांच्या नसेवर उतरते. आधी रंग फिके होतात, लाल-हिरव्यात गडबड व्हायला लागते. तेव्हाच ओळखून गोळी थांबवली तर नजर बहुतेक वेळा परत येते. उशीर झाला तर नाही. म्हणून मी ठरवलं, की दर महिन्याला आपण स्वतः पेशंटच्या घरी जायचं, शेजारी बसायचं आणि विचारायचं – काय त्रास होतोय? बस, एवढंच माझं संशोधन. विचारलं की माणूस सांगतो, आणि सांगितलं की वेळेत धरता येतं.

यावर मोठ्या परिषदेत बोलायचं माझ्या मनात होतं. त्यासाठी आधी ॲबस्ट्रॅक्ट पाठवावं लागतं, म्हणजे सगळ्या कामाचा एका पानात मावेल असा सारांश. गंमत अशी, की तो पाठवायची मुदत काम संपायच्या कितीतरी आधी संपते. अर्जात ‘निष्कर्ष’ असा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. मग लोक काय करतात? जे निघेल असं वाटतं ते लिहून मोकळे होतात. सगळेच करतात. मीही दुपारी डबा खाता खाता लिहिलं – दृष्टीची तक्रार एकाही रुग्णात आढळली नाही. त्या दुपारी ते वाक्य खरं होतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय, की आता त्याची चवच गेलीय.

आता नाना.

सुकलाल नाना शिंपी. धुळ्याजवळच्या एका गावात स्टँडसमोर त्यांचं दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि सोबत बायको, इंदूअक्का. गोळ्यांनी पोटात ढवळायचं तरी नानांनी एकही चुकवली नव्हती. माझा सगळ्यात गुणी पेशंट. सारांश पाठवला त्याला पंधरा दिवस झाले असतील. मी गेले तेव्हा ते मशीनवर बसले होते. हातात लाल दोऱ्याचं रीळ होतं, ते उजेडाकडे धरून फिरवत होते.

“मॅडम, लाल दोरा मले माटीना मायक दिसस. डोयाले काय व्हई ऱ्हायनं?”

लाल दोरा मातीसारखा. पुस्तकातदेखील इतकं स्वच्छ लिहिलेलं नसतं. माझ्या पिशवीत रंगीत ठिपक्यांचं ते छोटं पुस्तक होतं, ज्यात ठिपक्यांतून आकडे ओळखायचे असतात. पाच मिनिटांचं काम. मी ते काढलं का? नाही. मी म्हणाले, नाना, वय झालं आता, नंबर वाढला असेल, चष्मा बदला. आणि त्यांच्या कार्डावर लिहिलं – तक्रार नाही.

मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते पूर्ण माहीत होऊ नये अशी मी काळजी घेतली – फरक कळतोय ना? माहीत झालं असतं तर ते वाक्य खोटं ठरलं असतं.

आठवड्याभरात परिषदेची मेल आली. निवड झाली, स्टेजवर बोलायचं. खाली एक ओळ होती – सारांशात दुरुस्ती असल्यास कळवा. ती मी वाचली. विभागात पेढे वाटले.

पुढच्या महिन्यात नाना नवा चष्मा घालून बसलेले. “तुम्हीन सांगं तसा नवा चष्मा लिधा. आजून सवय नही व्हयनी.” असं ओशाळून म्हणाले, जणू चूक त्यांचीच. मी म्हटलं, होईल सवय. पुन्हा लिहिलं – तक्रार नाही. मी परिषदेला जाणार हे त्यांना नर्सकडून कळलं होतं. हट्टच धरला, मॅडमचं पोलकं मीच शिवणार. मी साडीचा लालभडक ब्लाउजपीस त्यांच्या हातात ठेवला. का ठेवला? मला कसली परीक्षा घ्यायची होती? कुणाची?

परिषदेला आठ दिवस उरले होते तेव्हा ब्लाउज आला. माप अचूक, टीप सरळ, हूक एका रेषेत. आणि दोरा हिरवा. सगळीकडे हिरवा, गळ्याला, बाह्यांना, काजाला. अक्काला वाटलं, शहरातली फॅशन असेल.

मी तो मांडीवर घेऊन बसले. फोन शेजारीच होता. एक फोन, एक वाक्य – नाना, ती गोळी आजपासून बंद. तेवढं केलं असतं तर रोज एक गोळी कमी गेली असती त्यांच्या पोटात. पण फोन केला की नोंद करावी लागणार, नोंद केली की सारांश बदलावा लागणार, आणि बदलला की सगळ्यांना दिसणार, की मी दोनदा विचारलं आणि दोनदा ऐकलं नाही. म्हटलं, आठच दिवस. आल्यावर बघू. मी त्यांचे डोळे आठ दिवस थांबवून ठेवले, असं वाटत होतं मला. डोळे थांबत नाहीत.

दुसरा ब्लाउज घालून मी स्टेजवर उभी राहिले. छान बोलले. शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी विचारलं, रंगांची तपासणी कशी करता? मी ठिपक्यांचं पुस्तक वर धरून दाखवलं. टाळ्या पडल्या. मला आनंद झाला. हेही सांगायला हवं – मला खरोखर आनंद झाला.

परत आले आणि त्याच दिवशी गावी गेले. पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरचा आकडा सगळ्यांनाच वाचता येतो, तो नानांनी वाचला. पुढचं एकही पान नाही. गोळी थांबवली, डोळ्यांच्या विभागात नेलं, धावपळ केली, आणि कार्डावर तक्रारीची तारीख म्हणून त्या दिवशीची तारीख घातली.

क्षय बरा झाला. नजर आली नाही. आता त्यांना दाराचा उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो. मशीन अक्का चालवते. नाना शेजारी बसून बोटांनी चाचपत काजं करतात. मी गेले की अक्का खुर्ची पुसून देते. एकदा तिने विचारलं, पोलकं बराबर बसनं का? मी म्हणाले, मस्त बसलं. ते मी आजवर घातलेलं नाही. कपाटात सगळ्यात खाली आहे.

आणि दुकानात कुणीही आलं की नाना माझ्याकडे तोंड करून, म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटतं तिकडे तोंड करून, त्याला सांगतात – “मॅडमनी टाइमवर धरं, म्हणीसन इतलं तरी दिसस.”

दर वेळी सांगतात. मी दर वेळी खाली बघते, आणि खाली बघितलेलं त्यांना दिसत नाही.

कार्डावरची ती तारीख माझ्या अक्षरात आहे. ती खोटी आहे. नानांनी मला सांगितलं ते त्याच्या दोन महिने आधी, मशीनवर बसून, लाल दोऱ्याचं रीळ हातात धरून. मी समोरच बसले होते. मला नीट ऐकू आलं होतं.