वहिनी पडदा आणते तेव्हा

आमच्या वहिनीला घर सजवायची फार आवड, असं बाहेरचे लोक म्हणतात. बाहेरच्यांचं काय जातं? ते चहा पितात, भिंतींकडे बघून माना डोलावतात आणि आपापल्या घरी जातात. आम्हाला त्याच घरात राहायचं असतं.

खोटं कशाला बोलू, तिला नजर आहे. दातांच्या दवाखान्यात ती समोरच्या टेबलाशी बसते, पेशंटांचे नंबर लावते आणि त्यांना थांबायला सांगते. तिथं पडलेली घरसजावटीची मासिकं पेशंटांपेक्षा तिनंच जास्त वाचली असतील. कुठल्याही खोलीच्या दारात उभी राहिली की ती मान जरा तिरकी करते, डावा डोळा मिटते आणि हवेतच विती टाकते. टेप तिला लागत नाही. घरातल्याच चार वस्तू इकडच्या तिकडे करून आणि रंगाचा एक डबा आणून ती कोंदट खोलीचं असं काही करते, की येणाऱ्याला वाटावं यांनी नवीन घरच घेतलं. मोडक्या शिडीच्या पायऱ्यांना रंग देऊन तिनं कुंड्यांची मांडणी केली, तेव्हा मीसुद्धा मनातल्या मनात वा म्हटलं होतं. फक्त एक गोष्ट पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. खोली उजळली की त्या खोलीतलं एक माणूस कमी झालेलं असतं.

"खोलीला जरा श्वास घेऊ दे," हे तिचं पालुपद. खोलीनं श्वास घ्यायचा आणि आम्ही तो रोखून धरायचा.

तिची पद्धत ठरलेली आहे. आधी पडदा येतो. नुसता पडदा, त्यात कुणी काय वाईट वाटून घ्यायचं? मग त्या पडद्यापुढे भिंत मळकी दिसायला लागते, म्हणून भिंतीला रंग. रंगापुढे खुर्ची जुनाट दिसते, म्हणून खुर्ची पॅसेजमध्ये. हॉलमधून निघून स्वयंपाकघर आणि बाथरूमवरून मागच्या खोलीपर्यंत जाणारा आमचा पॅसेज इतका चिंचोळा, की समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटावं लागतं. आपण आजवर घरातली एकही वस्तू टाकलेली नाही, असं वहिनी शपथेवर सांगेल आणि ते खरंच आहे. ती वस्तू फक्त पॅसेजमध्ये ठेवते. ज्याची नडगी येता-जाता आपटते, तोच शेवटी वैतागून ती भंगारवाल्याला देऊन टाकतो. बाबा गेल्यावर त्यांची वेताची खुर्ची अशीच गेली. दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, दोन-तीनदा अंगठा ठेचून घेतला आणि मग स्वतःच ती खाली नेऊन दिली. मी जाब विचारला तर वहिनी शांतपणे म्हणाली, "मी कुठं टाकली? तुझ्या दादानं टाकली."

आईचंही तेच झालं. तिची खोली पुढची, रस्त्याकडची. तिथं पडदा लागला, भिंती पांढऱ्या झाल्या आणि आईचं लोखंडी कपाट खोलीला जड दिसायला लागलं. कपाटापाठोपाठ आई. "दोघींना एकमेकींची सोबत होईल," असं म्हणत वहिनीनं तिला माझ्या मागच्या खोलीत आणून सोडलं. पुढच्या खोलीला आता बैठक म्हणतात. तिथं कुणी बसत नाही, कारण बसलं की उशा हलतात आणि उशा हलल्या की वहिनीचं डोकं फिरतं. आईनं पुढं माझ्याच खोलीत डोळे मिटले, खिडकीखालच्या खाटेवर, माझ्या मशीनचा आवाज ऐकत. तेव्हापासून त्या खोलीवर माझा जीव होता, आणि त्या खिडकीतल्या उजेडावर माझं पोट.

मी शिवणकाम करते. चौकातल्या पडदे-चादरींच्या दुकानातून कापलेल्या कापडाचा गठ्ठा घरी येतो, तो शिवून मी परत पोचवते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हा इथला विषय नाही. घरात मशीन असताना वहिनी बाहेर कशाला पैसे देईल? तिनं बदललेल्या प्रत्येक खोलीचा पडदा मीच शिवलाय, आईच्या खोलीचासुद्धा. पडद्याची शिलाई लांब आणि सरळ असते, मशीन मध्ये थांबत नाही. तो आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा झाला. माझा भाचा, वहिनीचा मुलगा, कॉलेजात असताना घरी आला की दारातूनच विचारायचा, "आत्या, आता कुणाची उचलबांगडी?" आम्ही हसायचो. तोवर माझी पाळी आलेली नव्हती.

एक दिवस वहिनीनं राखाडी-निळं कापड माझ्यापुढे टाकलं. "एवढा पडदा शिवून दे. घाई नाही, पण उद्या मिळाला तर बरं." मग तिनं माप सांगितलं. रुंदी ऐकली आणि माझी कात्री तिथंच थांबली. या घरातल्या सगळ्या खिडक्यांची मापं मला तोंडपाठ आहेत.

"ही माझी खिडकी आहे, वहिनी."

"आहेच ना. कोण नाही म्हणतंय? आधी पडदा तर होऊ दे."

"मला पडदा नकोय. मला शिवायला उजेड लागतो."

मग ती खाटेवर टेकली आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागली. या सुराची मला जास्त भीती वाटते. "हे बघ छोटी, मुलाचं लग्न जमत आलंय. मुलीकडचे लोक घर बघायला येणार. दोघांना एक धड खोली नको? तुझं काय, तुला कुठंही झोप लागते. गॅलरी बंद करून घेतलीच आहे, तिथं मस्त होईल तुझं."

पन्नाशी उलटली तरी या घरात मी छोटीच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कापड गुंडाळून तिच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, की हा पडदा माझ्या हातून होणार नाही. ती उठून गेली. मला वाटलं, पहिल्यांदाच तिला पाणी पाजलं.

पुढच्याच आठवड्यात दुकानातून गठ्ठा आला आणि त्यात तेच राखाडी-निळं कापड. वहिनीनं ते दुकानात शिवायला टाकलं होतं आणि दुकानदारानं नेहमीसारखं माझ्याकडे पाठवलं होतं. त्याला काय ठाऊक? दुकानाचं काम नाकारलं की पुढचा गठ्ठा दुसऱ्या कुणाच्या घरी जातो. शिवला मी. वहिनीच्या नावानं बोटं मोडत शिवला, पण टाका एकही वाकडा घातला नाही. मुद्दाम वाईट शिवणं मला जमतच नाही, याची तिला खात्री असणार.

तो गठ्ठा पोचवून घरी आले, तर दारातच रंगाचा वास. माझ्या खोलीत रंगारी स्टुलावर चढून पहिला हात मारत होता. माझी खाट, मशीन आणि कपड्यांची पेटी पॅसेजमध्ये एका रांगेत लावून ठेवली होती. वहिनी डोक्याला फडकं बांधून जमिनीवर रद्दी अंथरत होती.

"वास जाईपर्यंतच गं," ती म्हणाली. "दोन दिवस."

मी त्या खाटेवर बसले. पॅसेजमधली वस्तू पुढं कुठं जाते, ते मी आयुष्यभर बघत आले होते. मनाशी ठरवलं, की आपण इथून गॅलरीत जायचं नाही. राहायचं तर माझ्या खोलीत, नाहीतर इथंच, सगळ्यांच्या वाटेत. आपटू देत नडग्या.

आणि आपटल्या. वहिनीच्या डाव्या पायाचं बोट खाटेच्या पायानं काळंनिळं केलं. सकाळी बाथरूमला जाणारं प्रत्येक माणूस पोट आत ओढून, खेकड्यासारखं आडवं सरकायचं. दोन दिवस कधीच उलटून गेले, वास गेला, पडदा लागला, पण खोलीचं नाव कुणी काढेना आणि मी हलेना. पॅसेजमधल्या पिवळ्या दिव्याखाली शिवून डोळ्यांची आग व्हायची. वहिनी माझ्याशी बोलायची बंद झाली. आमचं बोलणं भाच्यामार्फत चालायचं. "तुझ्या आत्याला सांग, जेवण झाकून ठेवलंय." "तुझ्या आईला सांग, झाकण जरा हळू ठेवत जा." बिचारा दोघींच्या मध्ये उभा राहून ताटाकडे बघायचा.

मी दादाची वाट बघत होते. घर बाबांचं, तो बाबांचा मुलगा आणि मीही त्यांचीच मुलगी. हे त्यानं एकदा तोंड उघडून म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तो रोज खांद्यावर टॉवेल टाकून, खाली मान घालून जायचा. एका सकाळी तो खाटेपाशी थांबला. घसा साफ केला.

"छोटे," तो म्हणाला, "जरा पाय आत घे."

मी पाय आत घेतले. तो गेला. वहिनीवरचा राग मी बोलून काढते, आदळआपट करून काढते. दादावरचा राग कसा काढायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.

मुलीकडचे येणार त्या दिवशी वहिनीनं पॅसेजमध्ये आडवी तार ओढली आणि माझ्याच हातचा एक जादा राखाडी-निळा पडदा आडोसा म्हणून माझ्या खाटेपुढे टांगला. "थोड्या वेळाचा प्रश्न आहे," ती तारेकडे बघून म्हणाली. "आत पडून राहिलं तर बरं होईल." मी पडून राहिले. मुलगी आली, तिचे आईवडील आले, चहा झाला. मग वहिनीनं त्यांना घर दाखवायला सुरुवात केली. बैठकीतल्या उशा, शिडीवरच्या कुंड्या, सगळ्यांचं तोंडभरून कौतुक झालं. घोळका पॅसेजमध्ये शिरला.

"आणि या पडद्यामागं?" मुलीच्या आईनं विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाली. "जरा सामान आहे."

"सामान नाही," मी आतून म्हणाले. "नणंद आहे."

दादा खोकला. मुलीनं स्वतःच कापड बाजूला सारलं, माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. मग पडद्याची खालची दुमड उलटून टाके पाहिले.

"हे तुम्ही शिवता?"

"घरातले सगळे मीच शिवलेत."

"छान हात आहे तुमचा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत या घरात हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी विरघळलेच असते. पण परत जाताना ती दादा-वहिनीच्या खोलीच्या दारात थांबली, मान जरा तिरकी करून तिनं खोली न्याहाळली, आणि मी मनाशी म्हटलं, बघू या.

लग्न झालं. माझी खोली त्या दोघांची झाली. चारचौघांत शोभा केली म्हणून वहिनीनं माझं नावच टाकलं, आणि तिनं मला सामान म्हटलं ते मी विसरणार नाही. आम्ही दोघी एकमेकींना अंग चोरून ओलांडत राहिलो. सूनबाई मात्र गोड बोलायची. ती घरूनच काम करते, कानाला हेडफोन लावून दिवसभर कुणाकुणाशी बोलत असते.

एका दुपारी ती माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली. मांडीवर फिकट पिस्ता रंगाचं कापड होतं.

"आत्या, एवढा पडदा शिवून द्याल? घाई नाही." आणि तिनं माप सांगितलं.

रुंदी ऐकली आणि मी चष्मा काढला. "ही तर वहिनीची खिडकी."

"हो, आई-बाबांच्या खोलीची. किती अंधारी वाटते ना ती? बाबांना तसाही पाठीसाठी हॉलमधला दिवाणच बरा पडतो. आणि मला कामाला एक शांत खोली लागणारच आहे."

"मग वहिनी कुठं?"

"होईल ना काहीतरी. गॅलरी आहे."

"तिला विचारलंस?"

"विचारते की. आधी पडदा तर होऊ दे."

मला आनंद झाला. पोटभर आनंद झाला, लपवायचं कशाला? आईचं कपाट, बाबांची खुर्ची, माझी खिडकी, सगळ्याचं उट्टं माझ्या मांडीवर येऊन पडलं होतं आणि त्यासाठी मला नुसतं पायडल मारायचं होतं. "देते शिवून," मी म्हणाले. सून खोलीत गेली. मी खाटेच्या कडेला बसून मशीन पुढं ओढलं, दोरा ओवला आणि सुरुवात केली.

लांब सरळ शिलाई सुरू झाली, तशी स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. वहिनी ओले हात पुसत पॅसेजमध्ये आली. बोट पुन्हा खाटेला आपटलं असावं, जरा लंगडतच आली. कापडाकडे तिनं बराच वेळ बघितलं.

"कोणत्या खोलीचा?" तिनं विचारलं. लग्नानंतर ती थेट माझ्याशी बोललेली ही पहिलीच गोष्ट.

मशीनवरून खाली उतरणारं कापड तिनं उचललं आणि कडेवरून विती टाकत चालली. शेवटची वीत पुरी व्हायच्या आधीच तिचा हात थांबला. तिनं दिवाणाकडे पाहिलं, तिथं दादा तोंडावर पेपर घेऊन झोपला होता. मग गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. मग खाटेकडे.

मी जरा सरकले. "बस," म्हटलं. "अजून दुमड घालायची आहे."

ती बसली. मी शिवत राहिले.