व्हरांड्यातला तास

वर्गात गुरुजी गोष्ट सांगायला लागले, की मी दाराशी जाऊन उभी राहते. वाचनात मागे पडलेल्या मुलांना व्हरांड्यात बसवून अक्षरं शिकवायची, हे माझं काम. रेश्मा न बोलावताच उठते. बसकरपट्टीवरची तिची जागा शेजारच्या मुली लगेच ऐसपैस सरकून भरून टाकतात. गोष्ट वाचता यावी म्हणून हिला गोष्टीतूनच उठवायचं! हिची अक्षरं जुळतील तोवर वर्ग कितीतरी धडे पुढे गेलेला असेल. मग त्या धड्यांसाठी पुन्हा व्हरांडाच.

आज आतून मोठा हशा ऐकू आला. रेश्माचं बोट अक्षरावरच थांबलं.

"बाई, काय झालं हो गोष्टीत?"

मला तरी कुठे ठाऊक? मीही तिच्यासारखीच बाहेर.

"पुढचं अक्षर वाच," मी म्हटलं.