साठ अंशांचा कोन

वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलेला होता आणि माझे वडील बुलढाण्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी खामगावहून आणलेली कंपासपेटी वर्गात फक्त माझ्याकडं होती, आणि गणितात पहिला नंबरही माझाच. मॅट्रिकच्या आदल्या वर्षी धाड गावच्या एका शेतकऱ्याचा मुलगा आमच्या वर्गात आला. कोनमापक त्यानं कधी हातात धरला नव्हता. कोन कसा मोजायचा ते मीच त्याला दाखवलं. महिन्याभरात मास्तर त्याची वही वर्गात फिरवू लागले. बलांच्या बाणांची त्याची आकृती पाहिली, की मी माझी वही मिटून टाकायचो.

सहामाहीच्या दिवशी तो नेहमीसारखा माझ्याजवळ आला. "तुहा कोनमापक देशीन नं? तुहं झालं का मंग दे."

"आज घरीच राह्यला," मी म्हणालो. कोनमापक माझ्या कोटाच्या खिशात होता.

"बरं, पाहू काही," म्हणून तो जागेवर गेला.

गणित असं होतं: रुतलेली गाडी दोन बैलजोड्या दोन दोरांनी ओढतात, एक सहा मणांच्या जोरानं, दुसरी दहा. दोरांमध्ये साठ अंशांचा कोन. आकृती काढून दोन्हींचा मिळून जोर सांगा.

त्यानं सदऱ्याचा एक धागा उपसला, पेन्सिलीला बांधून वर्तुळ फिरवलं आणि त्याच धाग्याच्या मापानं वर्तुळ छेदलं. साठ अंश बरोबर मिळाले. मी लिहायचं सोडून तेच पाहत बसलो. मग घाईघाईनं खिशातला कोनमापक मांडीवर चोरून काढला आणि उलट्या बाजूचे आकडे वाचून एकशेवीसचा कोन आखला.

त्याचं उत्तर आलं चौदा मण. माझं नवाच्याही आत.

मास्तरांनी माझी वही उंच धरली. "दोन जोड्या मिळून एकीपेक्षा कमी? दुसरी काय मागं ओढत होती?" वर्ग हसला. तो हसला नाही.

सुटीत जवळ येऊन म्हणाला, "काऊन बे, तू कसा चुकला? तूच त मले शिकवलं."

त्याचा भला चेहरा मला त्या क्षणी सर्वांत जास्त सलला.

मॅट्रिकनंतर तो नागपूरला कॉलेजात गेला, मी वडिलांच्या कचेरीत. त्याची दोन पत्रं आली. एकालाही मी उत्तर पाठवलं नाही.