कृपादान मास्तरांचे पंख

मिरजगावच्या स्टँडसमोर कृपादान मास्तरांचं शिलाईचं दुकान आहे. चौतीस वर्षं त्या एकाच मशीनवर बसून त्यांनी गावाचे लेंगे, शाळेचे गणवेश आणि नवरदेवांचे सफारी शिवले. चर्चमध्ये नाताळचं नाटक असलं की झगे त्यांच्याकडचे, आणि जत्रेत सोंगं निघाली की देवांचे शेलेही त्यांच्याकडचेच. माणसाच्या पाठीवरून नुसता हात फिरवला तरी त्यांना माप कळायचं. गावाबाहेर मात्र त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, आणि त्याची त्यांना कधी खंतही वाटली नाही.

गेल्या दिवाळीत शेजारच्या रतनबाईंच्या सुनीलचा मुंबईहून फोन आला. तो मालिकांच्या कपडेपटात कामाला आहे.

"मास्तर, कारागीर सगळे सुट्टीवर गेल्यात. देवदूताचे पंख पाहिजेत, एक जोडी. आठ दिवसांत. खांद्याच्या वर दीड हात ठेवा, जास्ती नको."

मास्तरांनी वेताचा सांगाडा बांधला. त्यांच्या बायकोनं, आराधनाबाईंनी, पांढऱ्या कापडाची शेकडो पिसं कातरली. मास्तरांनी ती एकेक करून टाचली. सहाव्या दिवशी पंख भिंतीला उभे करून पाहिले, तर त्यांना ते बुटके वाटले.

"कोंबडीचे दिसत्यात," म्हणून त्यांनी ते आणखी वीतभर वर चढवले.

"सुनीलनं दीड हात सांगितलंय ना?" आराधनाबाई म्हणाल्या.

"सुनीलला फोनवर काय दिसतंय? देवदूत म्हणल्यावर उंच नको का?"

चादरीत गुंडाळलेले पंख घेऊन मास्तर एसटीनं मुंबईला गेले. शूटिंग संपेपर्यंत सुईदोरा घेऊन कोपऱ्यात उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन गणवेशाच्या चड्ड्या शिवायला बसले.

तो भाग जानेवारीत लागला. संध्याकाळी सातला रतनबाईंच्या घरी सगळे जमले. रतनबाईंचे मालक कानिफनाथ खुर्चीवर, आराधनाबाईंचा भाऊ सायमन दाराजवळच्या पेटीवर, बायका सतरंजीवर. सायमन चर्चच्या पंचांपैकी एक, शब्दाला कडक. मास्तर भिंतीला टेकून बसले होते.

गोष्ट अशी होती, की एका असुरानं पृथ्वीवरचं सगळं पाणी कोंडून ठेवलं आहे. देवांची सभा चिंतेत बसली आहे. तेवढ्यात दुसऱ्या आभाळातून एक देवदूत उडत मदतीला येतो. सभेच्या दारातून आत येताना तो कमरेत वाकतो, आणि देवांचा राजा सिंहासनावरून उतरून त्याचा हात धरतो. पंख पडदाभर पसरले. एक टाका उसवला नव्हता. मास्तरांनी हळूच श्वास सोडला.

"माझ्या बाई!" रतनबाईंनी पदर डोळ्याला लावला. "दोघं भाऊ भेटल्यावानी वाटलं."

सायमन मात्र उठून उभा राहिला. "दाजी, हे तुमी शिवलं? आपला दूत त्यांच्या म्होरं वाकतो? हे शास्त्रात न्हाई बसत."

"वाकला तर वाकला," कानिफनाथ म्हणाले. "पर आमच्या देवाला बाहेरून मानूस कशाला लागतंय? पाणी सोडवाया आमचा देव एकला लई हाय. वर पुन्हा सिंहासन सोडून खाली उतरला! हे काय बरं दाखवलं न्हाई."

सायमनला वाटत होतं देवदूताचा अपमान झाला, कानिफनाथांना वाटत होतं देवाचा. दोघांचे आवाज चढले. जाहिराती संपून मालिका पुन्हा सुरू झाली, तरी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी कानिफनाथ मास्तरांकडे वळले.

"मास्तर, तुमी हुता की तिथं. सांगा, त्यो का वाकला?"

मास्तरांनी आराधनाबाईंकडे पाहिलं. त्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"माझ्यामुळं वाकला," मास्तर म्हणाले. "पंख मी वीतभर जास्ती उंच केले. सभेचं दार प्लायवूडचं, बेताचंच. पहिल्या खेपेला देवदूत झालेलं पोरगं ताठ आलं आन् वरची पट्टी घेऊनच आत शिरलं. मग सुनील म्हणला, वाकून ये. त्यो वाकला. डायरेक्टर सायबांना लई आवडलं. म्हणले, ह्यो नमस्कार ऱ्हाऊ द्या. मग राजालाबी खाली उतरवलं."

कानिफनाथांना असं हसू फुटलं, की त्यांना ठसका लागला. आराधनाबाईंनी पाणी दिलं. सायमन ओठ आवळून उभा होता, पण त्याच्याही मिशा हलायला लागल्या.

"तरीबी पुन्हा घ्यायला पाहिजे हुतं," तो म्हणाला. "दार उंच करून."

"व्हय तर. आन् राजाला बसवून," कानिफनाथ म्हणाले.

एवढ्यावर मात्र दोघांचं जमलं.

रतनबाईंना हे काही पटलं नाही. "दाराचं मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "मी बघितलं न्हाई का? त्यानं डोळं मिटलं हुतं. दाराला भिऊन कुनी डोळं मिटतंय व्हय?"

शूटिंगच्या वेळी मास्तर कोपऱ्यात उभे राहून पंख बांधलेल्या पट्ट्यांकडेच बघत होते. डोळ्यांकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं.

शेवटी नावांची यादी पडद्यावरून सर्रकन निघून गेली. त्यात मास्तरांचं नाव होतं की नाही, कुणाला वाचता आलं नाही. आराधनाबाई म्हणाल्या, सुनीलला विचारू. मास्तर म्हणाले, कशाला. रतनबाईंनी गवती चहाचं आधण ठेवलं, आणि कानिफनाथांनी स्वतःची खुर्ची पुढं सरकवून सायमनला बसायला दिली.

"पर मास्तर," चहा फुंकत कानिफनाथ म्हणाले, "उडताना खरे वाटत हुते बरं का. आगदी खरे."

सायमननं मान हलवली. "ते मी कुठं नाकारतोय?"

मास्तरांनी बशीत चहा ओतला आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. कित्येक वर्षांत त्यांना चहा इतका गोड लागला नव्हता.