मेण लावलेला डबा
ही गोष्ट मी पन्नास वर्षं टाळली, पण तेलाचा रिकामा डबा दिसला की विहिरीतल्या शेवाळाचा वास येतोच. दुष्काळाआधीचा उन्हाळा होता. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या विहिरीवर आमचा सालगडी नाना सुट्टीत गावच्या पोरांना फुकट पोहायला शिकवायचा. तरंगायला म्हणून तोंडाला मेण लावलेला रिकामा डबा पोराच्या पाठीवर बांधण्याआधी तो पाण्यात दाबून बुडबुडे येतात का बघायचा. त्या दिवशी माझ्या आतेभावाकडे बोट करून तो मला म्हणाला, "ह्यो चार दिसांत डब्यावर पार जायला शिकला. तू तीन उन्हाळं नुसता बेडूक हायस." पोरं हसली. आतेभावाचा डबा तपासून तो दोर आणायला वळला, तेव्हा मी नखानं मेण उकरलं. विहिरीच्या मध्यावर डब्यात पाणी शिरलं आणि आतेभाऊ बुडू लागला. सालगड्यानं उडी टाकून त्याला वर काढलं. वडील धावत आले, तेव्हा मीच म्हणालो, "यानं आज डबा बुडवून पाहिलाच नाही." वडिलांनी त्याला तिथूनच हाकललं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्या साली बायकोपोरांसह ऊसतोडीला गेला. मोठेपणी एकदा त्याच्या दारात गेलो, चहा प्यायलो, पावसापाण्याचं बोलून उठलो. "नाना, तुम्ही डबा बुडवून पाहिला होता," एवढंच म्हणायचं होतं.