डावीकडच्या माणसाचा वाटा

माझं पहिलं पोस्टिंग दिल्ली कँट. ट्रेनिंग संपवून पलटणीत हजर झालो आणि त्याच आठवड्यात बडाखाना होता. बडाखाना म्हणजे साहेब लोक आणि जवान एका तंबूत बसून जेवतात तो दिवस. मे महिना होता, म्हणून रमऐवजी बिअर आली. आमच्या सीओ साहेबांची, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरांची, एक पद्धत होती. ते मग उचलणार, पलटणीच्या नावानं एक वाक्य बोलणार, आणि सगळ्यांनी आपापला मग रिकामा करून टेबलावर पालथा घालायचा. ज्याचा मग सरळ दिसेल त्याची सुभेदार मेजर साहेब सकाळी ग्राउंडवर चौकशी करणार.

मी पहिला घोट घेतला. कडुनिंबाचा पाला उकळून गार करावा आणि वर सोडा मारावा, तसं काहीतरी. गिळवेना. थुंकावं तर समोर सीओ साहेब.

माझ्या डावीकडे सर्जेराव माने बसला होता. माझ्याच बॅचचा, कराडकडचा. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "नको का?"

"नको."

"सरकव."

एवढंच बोलणं झालं. पण त्यातून एक ड्रिल तयार झाली. त्यानं आपला मग आधी संपवायचा. सुभेदार मेजर साहेबांची मान वळली की टेबलाखालून माझा भरलेला मग डावीकडे, त्याचा रिकामा उजवीकडे. फौजेत पोस्टचा चार्ज देताघेताना हँडिंग-टेकिंग ओव्हर करतात, तसंच आमचं. मग मी तो रिकामा मग सगळ्यांच्या आधी पालथा घालायचो. परिणाम असा झाला, की सुभेदार मेजर साहेबांना वाटायला लागलं, पलटणीत सगळ्यांत जबर पिणारा मीच. "शिंदे को और दो!" असा हुकूम सुटायचा. तेही डावीकडे जायचं. सर्जेराव झोपताना माझे पाय धरून म्हणायचा, "विष्ण्या, तू बिअर आवडून घेऊ नकोस हां. माझी शपथ आहे."

कितीतरी वर्षं आम्ही बडी पेअर होतो. फौजेत दोघादोघांची जोडी लावून देतात. एकानं दुसऱ्याकडे बघायचं, बस. मग पलटण वर गेली, बर्फात. एका पहाटे सर्जेराव लिंक पेट्रोलवर, म्हणजे दोन चौक्यांमधल्या गस्तीवर गेला. मला ताप होता, मी वायरलेस सेटवर बसलो होतो. सव्वासहाला त्याचा आवाज आला, "सब ठीक. आगे बढ रहे हैं. ओव्हर." त्यानंतर वरून हिमकडा सुटला. चौघं गेले होते, तिघं परत आले.

पुढच्या बडाखान्याला माझा मग सरळच राहिला. सुभेदार मेजर साहेबांनी बघितलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

आता मी सुभेदार म्हणून रिटायर होऊन मानेसरला एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर आहे. गुडगावला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मी आणि माझी बायको सुनंदा. सर्जेरावची मुलगी अश्विनी फूड टेक्नॉलॉजी शिकून नोकरीला इकडे आली, तेव्हा तिची आई, शालनवहिनी, फोनवर म्हणाली, "भाऊजी, दिल्लीचं काही बरं ऐकायला येत नाही. पण तुम्ही आहात. हे म्हणायचे, विष्णू दारूला शिवत नाही, त्याचा मगसुद्धा मीच रिकामा करतो. म्हणून पाठवते." मी छाती काढून म्हटलं, "बिल्कुल काळजी करू नका."

वहिनीला माहीत होतं, की पोरगी कुठल्यातरी अन्नप्रक्रिया कंपनीत आहे. मलाही तेवढंच माहीत होतं. पहिल्या रविवारी मी तिची कंपनी बघायला गेलो. काचेमागे माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या. बाहेर पोरं-पोरी मग घेऊन बसलेली. आत अश्विनी गमबूट घालून, डोक्याला जाळी बांधून पाइप धुत होती. पोरगी बिअर बनवत होती. सर्जेरावची पोरगी!

"काका, आईला सांगू नका. ती कराडला मुलगा बघतेय. हे कळलं तर उद्याच येऊन घेऊन जाईल मला."

आई गं! मी डोकं धरून बसलो.

तिची अडचण वेगळीच होती. तिचे मालक बत्रा साहेब, गोल चेहऱ्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांचं म्हणणं, रविवारी इथं अख्खी फॅमिली येते, त्यातल्या निम्म्यांना बिअर आवडत नाही, ते लिंबूपाणी पितात. त्यांच्यासाठी बिअर बनव. "जिसको बीयर से नफ़रत है, वो पीकर अपने आप दूसरा गिलास माँगे, तब मानूँगा. वरना बेटा, प्रोबेशन ख़त्म, राम-राम." आणि तिथं काम करणाऱ्या सगळ्यांना बिअर आवडायची. नावडणारा खरा माणूस त्यांना मिळत नव्हता. अश्विनी माझ्याकडे बघायला लागली.

"काका."

"नाही."

"काका, बाबांनी सांगितलं होतं मला, तुमच्या तोंडाचं काय होतं ते. तुमच्यासारखं कुणी नाही."

अशी माझी भरती झाली. दर रविवारी अकराला रिपोर्ट करायचं. ती छोटा ग्लास पुढे ठेवायची आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायची. पहिल्या ग्लासाला मी म्हटलं, "पनिशमेंट ड्रिल." दुसऱ्यात तिनं संत्र्याची साल घातली होती. म्हटलं, "खोकल्याचं औषध." तिसऱ्याला, "साबण." बिचारी हिरमुसली. मला वाईट वाटलं. म्हटलं, "अगं, आवडलं म्हणून सांगू का? दुसरा ग्लास मागतो की सरळ."

"खोटं मागायचं नाही, काका. खोटं मागाल तर ती बिअर पुढे लोकांना पाजायचीय मला." अगदी बापाचा हट्ट.

मग एकदा तिनं विचारलं, "लहानपणी उन्हाळ्यात काय प्यायचात?" मी म्हटलं, आंबील. आमच्या पाटणच्या डोंगरात नाचणीचीच शेती. आई नाचणीचं पीठ रात्रभर आंबवायची, शिजवायची, ताक घालायची. जराशी आंबट, जराशी खरपूस, पोटात गेली की गारगार. बोलता बोलता मी जरा जास्तच बोललो असेन. अश्विनी उठून आत गेली ती तासभर बाहेर आलीच नाही.

त्यानंतरच्या ग्लासाचा रंग मातकट होता. प्यायलो. तोंड वाकडं झालं नाही. पुढच्या रविवारी त्याहून बरं. त्याच्या पुढच्या रविवारी मी साडेदहालाच जाऊन बसलो. सुनंदा म्हणाली, "सव्वीस वर्षं फौजेत राहून बिघडला नाहीत, आता पेन्शनीत बिघडा." पण दुसरा ग्लास मात्र मी कधी मागितला नव्हता. अर्ध्यावर आलं, की हात आपोआप थांबायचा आणि ग्लास डावीकडे सरकायचा. अश्विनी तो उचलून न्यायची. तिला वाटायचं, चव कुठेतरी कमी पडतेय.

बत्रा साहेबांनी शेवटची तारीख दिली. रविवारी दुपारी बारा. शनिवारी अश्विनी शेवटच्या चवीसाठी घरी एक बाटली ठेवून गेली. मी जेवणाआधी दोन घोट घेतले. ग्लास हातात, बाटली टेबलावर, आणि बेल वाजली.

दारात शालनवहिनी. हातात पिशवी.

जानेवारी महिना होता. गावची बस पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाच्या दर्शनाला, आली होती. ती जयपूर रोडनं परत निघाली आणि वाटेत गुडगावलाच वहिनी उतरली होती. पोरीला न सांगता भेटायचं म्हणून. तिनं एकदा मला बघितलं, एकदा बाटलीला.

"भाऊजी, तुम्ही?"

दोन सेकंदांत निर्णय घ्यायचा होता. खरं सांगितलं, तर पोरगी गेली. मी ग्लास खाली ठेवला आणि सरळ उभा राहून म्हटलं, "हो वहिनी. लागली सवय." सुनंदानं कपाळावर हात मारला.

मला वाटलं, सगळं अंगावर घेतलं, बला टळली. मग बाथरूममध्ये जाऊन अश्विनीला फोन केला. "वहिनी पोस्टवर पोचल्या. बाटली पकडली गेली. मी कव्हर देतोय. तू इकडे येऊ नकोस."

"काका, काय? कधी? आई?"

"रेडिओ सायलेन्स." फोन बंद.

बाहेर आलो तर वहिनी पिशवीवर हात ठेवून बसली होती. डोळ्यांत पाणी. "तुम्ही पिणार नाही, या एका भरवशावर पोरगी इथं ठेवली होती. आता कुणाच्या जिवावर ठेवू? उद्या संध्याकाळच्या गाडीनं तिला घेऊन जाते मी."

झालं! ज्या पोरीला वाचवायला गेलो, तिलाच मी गाडीत बसवलं होतं. असला बावळटपणा रंगरूटसुद्धा करत नाही. जेवणात सुनंदानं मला भाजी वाढली नाही. स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "उद्या खरं काय ते दाखवा तिला, नाहीतर मी तोंड उघडते."

रविवारी सकाळी वहिनीला रिक्षात घातलं. "अश्विनीची कंपनी बघून घ्या. मग काय ते ठरवा." 

आत गेलो तेव्हा अश्विनी फावड्यानं टाकीतला भिजलेला धान्याचा चोथा उपसत होती. आई दिसली आणि फावडं हातातच राहिलं. वाफ येत होती. वहिनी सरळ त्या चोथ्याजवळ गेली, मूठभर उचलला, नाकाला लावला. वहिनीच्या गोठ्यात पाच म्हशी आहेत.

"हे तर आंबोण आहे. फेकता की काय?"

"नाही आई. एक डेअरीवाला घेऊन जातो."

"किती देतो?" मग तिला टाक्या दिसल्या, बाहेरचे मग दिसले. तोंड उतरलं. "अश्विनी, हा कसला कारखाना?"

"बिअरचा."

 वहिनीची नजर खुंटीवर गेली. तिथं एक कापडी पिशवी लटकत होती, जुन्या लुगड्याची, हातानं शिवलेली. वहिनीनं ती काढून आत हात घातला. मोड आणून वाळवलेली नाचणी.

"ही माझी पिशवी."

अश्विनी मान खाली घालून उभी. "तूच पाठवतेस ना दर महिन्याला."

"तुझ्या तब्येतीला म्हणून पाठवते मी! म्हणायचीस, दळू नको, तशीच पाठव. मी गावात सांगत फिरते, पोरगी किलो-किलो नाचणी खाते, अंगाला कशी लागत नाही!" वहिनी खाली पायरीवर बसली. "तू याची बिअर केलीस?"

"काकांना आंबील आवडते म्हणून. तुझ्याइतके चांगले मोड इथं कुणाला येत नाहीत, आई."

वहिनीचा आवाज चढला. "खोटं का सांगितलंस? तुझ्या बापानं मला कधी खोटं सांगितलं नाही. प्यायला तर प्यायलो म्हणून सांगायचा."

"तू मला परत नेलं असतंस."

"नेलंच असतं!"

दोघी रडायला लागल्या. अशा वेळी मी कुठं बघायचं, हे मला फौजेनं शिकवलं नाही. तेवढ्यात बत्रा साहेब आले, मोठ्यानं नमस्ते केलं, कुणाची खबरबात न घेता खुर्च्या ओढल्या आणि ग्लास भरायला सांगितला. "चलो सूबेदार साहब. बारह बज गए."

मी बसलो. वहिनी उजवीकडे, डोळे पुसत. समोर बत्रा साहेब. अश्विनी टाकीला टेकून उभी, नखं खात. डावीकडची खुर्ची रिकामी होती.

वहिनी अश्विनीला म्हणाली, "माझी नाचणी संपली की तू मोड किती दिवस काढतेस?" अश्विनीनं सांगितलं. "चूक. थंडीत एक दिवस जास्त ठेवावे लागतात. आणि वाळवायचं उन्हात नाही, सावलीत. मी तशी पाठवते आणि तू इथं काय भाजून ठेवतेस?" अश्विनी म्हणाली, रंगासाठी थोडी भाजते. "थोडी? करपवतेस." भांडण सुरू झालं, पण ते आता मोडांचं होतं. मी ऐकत होतो. वहिनी पोरीला आज घेऊन जाणार की नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घोट घेत होतो. खरपूस, आंबटसर, मागून जरा कडू. ते कडू आता खुपत नव्हतं. उलट त्याच्यासाठीच पुढचा घोट घ्यावासा वाटत होता.

"अजून आहे का गं?" मी विचारलं.

दोघी माझ्याकडे वळल्या. बत्रा साहेब माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते, लबाडी शोधायला. मिळाली नाही. त्यांनी टेबलावर हात आपटला. "ओए! माँग लिया! बेटा, लगाओ इसको!" अश्विनीनं तोंडावर दोन्ही हात घेतले.

मला काही कळेना. मी फक्त ग्लासकडे बघत होतो. तो रिकामा होता. मी तो पालथा घातला होता. कधी घातला, मला आठवत नाही. डावा हात टेबलाखाली गेला होता, सवयीनं, सरकवायला. सरकवायला काही उरलंच नव्हतं.

वहिनीला ते दिसलं. तिनं तो पालथा ग्लास उचलून आत बघितलं.

"भाऊजी, खरंच तुम्हीच प्यायलात?"

"मीच. सगळा."

"ह्यांना कुणी सांगितलं असतं, तर पटलं नसतं," वहिनी म्हणाली आणि हसली. सर्जेराव गेल्यानंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग पदर खोचून अश्विनीला म्हणाली, "पुढच्या खेपेला नाचणी मी स्वतः भाजून पाठवते. आणि त्या डेअरीवाल्याचा नंबर दे."

ती संध्याकाळच्या गाडीनं गेली. एकटी.

त्याआधी दुपारीच दुसरा ग्लास आला होता. तोही मी प्यायलो, हळूहळू, चव घेत. छान होता. 

नाईक सर्जेराव माने. बर्फात गेला तेव्हा त्याची पोरगी आठ वर्षांची होती. त्यानं माझे पाय धरून घातलेली शपथ मी मोडली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वाट्याची बिअर मी पिऊन टाकली, आणि तीही त्याच्याच पोरीनं केलेली. तो असता तर मला आईमाईवरून शिव्या दिल्या असत्या. त्या ऐकायला मला फार आवडलं असतं.